डी-डायमर टेस्ट: रक्ताची गुठळी 'नाही' हे सांगणारी तपासणी नेमकी कशी चालते?

श्वास घेताना छातीत टोचतंय, धाप लागतेय अशी तक्रार घेऊन कोणत्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत रोज कितीतरी लोक येतात. कुणाला ॲसिडिटी असते, कुणाचा बरगड्यांमधला स्नायू आखडलेला असतो, कुणाला न्यूमोनिया झालेला असतो, तर कुणाला पॅनिक अटॅक आलेला असतो. आणि अधूनमधून एखाद्याच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असते. वरवर पाहिलं तर यातले बरेच पेशंट सारखेच दिसतात.

डॉक्टरांची पंचाईत इथे होते. गुठळी असलेल्या माणसाला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं, तर तो रात्रीतून दगावू शकतो. मग प्रत्येकाचाच सीटी स्कॅन का करू नये? कारण त्यातही धोका आहे. फुप्फुसातली गुठळी शोधायची तर साधा सीटी चालत नाही. शिरेतून डाय सोडून सीटी ॲन्जिओग्राफी करावी लागते. त्यात किरणोत्सर्ग आला, किडनी कमजोर असणाऱ्यांना डायचा त्रास आला, काहींना त्याची ॲलर्जी आली आणि बिल आलं ते वेगळंच. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी हे मशीन असतंच असं नाही, म्हणजे पेशंटला ॲम्ब्युलन्समध्ये घालून जिल्ह्याच्या गावी न्यायचं.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी डॉक्टर एक साधी रक्ततपासणी वापरतात, डी-डायमर. कोरोनाच्या काळात हे नाव घराघरात पोहोचलं, पण तिचं खरं काम बहुतेकांना उलटं कळलेलं आहे. गुठळी आहे हे शोधण्यासाठी ही टेस्ट फारशी कामाची नाही. गुठळी नाही हे सांगण्यात मात्र ती पटाईत आहे, आणि तेही सगळ्या पेशंटच्या बाबतीत नाही.

गुठळी होते पायात, अडकते फुप्फुसात

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरखो यांनी १९व्या शतकात दाखवून दिलं की फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत सापडणारी गुठळी बहुतेकदा तिथली नसते. ती दुसरीकडे, मुख्यतः पायातल्या खोलवरच्या शिरेत तयार होते, सुटते आणि रक्ताबरोबर वाहत हृदयातून फुप्फुसात जाते. पायातल्या गुठळीला डॉक्टर डीव्हीटी म्हणतात, तर फुप्फुसात जाऊन अडकलेल्या गुठळीला पल्मनरी एम्बोलिझम, थोडक्यात पीई.

ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेले, पाय प्लास्टरमध्ये असलेले, कॅन्सरवर उपचार घेणारे, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, आधी एकदा गुठळी होऊन गेलेले, अशा लोकांना धोका जास्त. पण धडधाकट माणूस यातून सुटतो असंही नाही. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीचे पत्रकार डेव्हिड ब्लूम २००३ साली इराक युद्धाचं वार्तांकन करत होते. कित्येक दिवस ते लष्करी वाहनात अवघडून बसून प्रवास करत होते. ६ एप्रिलला बगदादजवळ त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ३९. युद्धभूमीवर असूनही त्यांचा जीव गोळीने नाही, फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने घेतला.

उसवलेल्या टाक्याचा पुरावा

आता टेस्टकडे येऊ. आपल्याला जखम झाली की रक्तात फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार होतात आणि त्यांचं जाळं विणलं जातं. सुरुवातीला हे जाळं कच्चं असतं. मग 'फॅक्टर १३' नावाचं एन्झाइम येतं आणि शेजारशेजारच्या धाग्यांची टोकं एकमेकांना पक्की शिवून टाकतं. गोधडीला टाके घालावेत तसं. फायब्रिनच्या या टोकांना शास्त्रज्ञांनी 'डी' असं नाव दिलेलं आहे.

शरीर गुठळी कायमची ठेवत नाही. ती तयार होत असतानाच प्लाझ्मिन नावाचं दुसरं एन्झाइम कात्री घेऊन ती कापायला लागतं. ही कात्री धागे मधूनमधून कापते, पण फॅक्टर १३ ने घातलेला टाका तिला उसवता येत नाही. त्यामुळे उरतात ते जोडलेले तुकडे, एक 'डी' आणि त्याला शिवलेला दुसरा 'डी'. डायमर म्हणजे जोडी. ही जोडी रक्तात तरंगताना सापडली, याचा अर्थ शरीरात कुठेतरी फायब्रिन विणलं गेलं, शिवलं गेलं आणि आता ते कापलं जात आहे.

कुठेतरी हा शब्द महत्त्वाचा. टेस्टला जागा कळत नाही. ते पोटरीतल्या शिरेत घडतंय, की ऑपरेशनच्या टाक्यांखाली, की न्यूमोनियाने सुजलेल्या फुप्फुसात, हे त्या तुकड्यावर लिहिलेलं नसतं. म्हणूनच संसर्ग, कॅन्सर, ऑपरेशन, अपघात, लिव्हरचे आजार, गरोदरपण यातल्या कशानेही डी-डायमर वाढतं. नुसतं वय वाढलं तरी वाढतं. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेल्या वयस्कर माणसाचं डी-डायमर नॉर्मल आलं, तर उलट आश्चर्य वाटावं.

पण हेच उलटं करून पाहा. डी-डायमर जवळपास नाहीच, तर विणणं-शिवणं-कापणं हे प्रकरणच कुठे फारसं चालू नाही. म्हणजे ताजी, मोठी गुठळी असण्याची शक्यता खूपच कमी. टेस्टची सगळी ताकद या 'नाही'मध्ये आहे.

आधी गुण, मग रक्त

फक्त रक्त घेऊन मोकळं व्हायचं, असं मात्र चालत नाही. आधी पेशंटकडे नीट बघावं लागतं. या बघण्याला आकड्यांत बसवलं कॅनडातल्या ओटावाचे डॉक्टर फिलिप वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९०च्या दशकात त्यांनी आधी पायातल्या गुठळीसाठी आणि मग फुप्फुसातल्या गुठळीसाठी गुणांची पद्धत तयार केली. आज जगभरात ती 'वेल्स स्कोअर' म्हणून ओळखली जाते.

फुप्फुसासाठीचा हिशोब असा: पायात गुठळीची लक्षणं असतील तर ३ गुण. दुसऱ्या कोणत्याही आजारापेक्षा गुठळीच असण्याची शक्यता डॉक्टरांना जास्त वाटत असेल तर ३. नाडी मिनिटाला १००च्या वर असेल तर दीड. गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन झालेलं असेल किंवा पेशंट तीन दिवस किंवा जास्त अंथरुणाला खिळून असेल तर दीड. आधी कधी गुठळी झाली असेल तर दीड. खोकल्यातून रक्त पडत असेल तर १ आणि कॅन्सर असेल तर १. बेरीज ४ किंवा त्याहून कमी आली तर गुठळीची शक्यता कमी, ४च्या वर गेली तर जास्त.

यातला दुसरा मुद्दा वाचून अनेकांच्या भुवया उंचावतात. 'डॉक्टरांना वाटत असेल तर' याला ३ गुण? टीकाही झाली आहे त्यावर. पण अनुभवी डॉक्टरच्या अंदाजाला काही किंमत असते, हे या स्कोअरने लपवलं नाही. उघडपणे गुण देऊन टाकले.

२००१ साली वेल्स यांच्या टीमने कॅनडातल्या चार मोठ्या हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी विभागांत आलेल्या ९३० पेशंटवर ही जोडगोळी वापरून पाहिली. ज्यांचा स्कोअर कमी आणि डी-डायमरही निगेटिव्ह, असे ४३७ जण निघाले. त्यांचं पुढचं स्कॅनिंग केलं नाही. नंतर लक्ष ठेवलं तेव्हा या ४३७ पैकी एकालाच फुप्फुसात गुठळी झाल्याचं आढळलं. पुढे नेदरलँड्समध्ये ३,३०६ पेशंटवर झालेला मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्कोअर ४ पर्यंत आणि डी-डायमर ५०० च्या आत असलेल्या १,०२८ जणांना गुठळीचं कोणतंही औषध न देता सोडलं. तीन महिन्यांत त्यातल्या ५ जणांना गुठळीचा त्रास झाला, मृत्यू कुणाचाही गुठळीने झाला नाही.

एकच टेस्ट, दोन पेशंट, दोन अर्थ

स्कोअर आधी का हवा, हे साध्या हिशोबातून कळतं. इथले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण ते प्रत्यक्षाच्या बरेच जवळ आहेत. समजा टेस्ट १०० गुठळ्यांपैकी ९५ पकडते, आणि गुठळी नसलेल्या १०० जणांपैकी फक्त ४० जणांनाच 'निगेटिव्ह' म्हणते. बाकीच्या ६० जणांचा रिपोर्ट उगाचच वाढलेला येतो.

आता कमी शक्यता असलेले १,००० पेशंट घ्या. त्यातल्या ४० जणांना खरंच गुठळी आहे असं धरू. टेस्ट ३८ पकडेल, २ सुटतील. गुठळी नसलेल्या ९६० पैकी ३८४ जणांचा रिपोर्ट निगेटिव्ह येईल. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट एकूण ३८६ आणि त्यात चुकलेले २. जवळजवळ दोनशेत एक. एवढा धोका डॉक्टर आणि पेशंट दोघंही पत्करू शकतात. ३८६ जणांचं सीटी वाचलं.

आता जास्त शक्यता असलेले १,००० पेशंट घ्या, ज्यांच्यापैकी निम्म्यांना, म्हणजे ५०० जणांना गुठळी आहे. तीच टेस्ट, तीच लॅब. ४७५ पकडले जातील, २५ सुटतील. उरलेल्या ५०० पैकी २०० निगेटिव्ह येतील. निगेटिव्ह रिपोर्ट २२५, त्यात गुठळी असलेले २५. दर नऊ माणसांमागे एकाला 'काही नाही, घरी जा' असं सांगून गुठळीसकट घरी पाठवलं जाईल.

कागदावर दोन्हीकडे एकच शब्द छापलेला असतो, निगेटिव्ह. पण पहिल्या माणसाला तो निर्धास्त करतो आणि दुसऱ्याला गाफील. म्हणून स्कोअर जास्त असेल तर डी-डायमर करायचंच नसतं. थेट सीटी ॲन्जिओग्राफी करायची, पायात शंका असेल तर डॉप्लर सोनोग्राफी करायची. स्कॅनला उशीर होणार असेल आणि रक्तस्रावाचा धोका फार नसेल, तर गुठळीविरोधी औषध आधीच सुरू करायचं.

पहिल्या गटातल्या पॉझिटिव्ह रिपोर्टचंही गणित बघण्यासारखं आहे. ६१४ जणांचा रिपोर्ट वाढलेला येईल, त्यातल्या ३८ जणांनाच गुठळी असेल. शंभरात साधारण सहा. इंटरनेटवर 'डी-डायमर हाय' असं शोधून रात्रभर जागणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही.

काहींना तर ही टेस्टसुद्धा नको

टेस्ट स्वस्त आणि सोपी झाली की ती सरसकट होऊ लागते. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकाचं डी-डायमर पाठवलं, की वाढलेल्या रिपोर्टांचा ढीग लागतो आणि मग त्या प्रत्येकाचं सीटी. ज्या स्कॅनपासून वाचवायला टेस्ट आणली, त्याच स्कॅनकडे ती पेशंटला ढकलू लागते.

यावर अमेरिकेतले इमर्जन्सी डॉक्टर जेफ्री क्लाइन यांनी २००४ साली आठ प्रश्नांची यादी मांडली. ती 'पर्क' नियम म्हणून ओळखली जाते. वय ५० पेक्षा कमी, नाडी १०० च्या खाली, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९५ किंवा जास्त, खोकल्यातून रक्त नाही, इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू नाहीत, आधी कधी गुठळी झालेली नाही, एकाच पायाला सूज नाही, आणि गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन किंवा मोठी इजा नाही. डॉक्टरांना मुळातच शक्यता कमी वाटत असेल आणि ही आठही उत्तरं जुळली, तर रक्त काढायचीही गरज नाही.

फ्रान्समधल्या १४ इमर्जन्सी विभागांत १,९१६ पेशंटवर याची परीक्षा झाली. २०१८ साली निकाल आला. हा नियम वापरलेल्या गटात १३ टक्के पेशंटचं सीटी करावं लागलं, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २३ टक्के. सुटलेल्या गुठळ्यांमध्ये चिंता वाटावी असा फरक पडला नाही.

५०० चा आकडा सगळ्यांना सारखा नाही

डी-डायमरची नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. पण वयाबरोबर हा आकडा आपोआप चढत असल्याने पंच्याहत्तरीच्या आजोबांचा रिपोर्ट ५०० च्या आत येणं मुश्कील. मग त्यांच्यासाठी टेस्ट असून नसल्यासारखीच.

स्वित्झर्लंड, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या १९ हॉस्पिटलांनी मिळून ३,३४६ पेशंटवर एक सोपी युक्ती तपासली. पन्नाशीच्या पुढे वयाला १० ने गुणायचं, तीच त्या माणसाची मर्यादा. वय ७८ असेल तर ७८०. या अभ्यासाचा निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आणि शक्यता फार जास्त नसलेल्या पेशंटमध्ये जुन्या मर्यादेने फक्त ६.४ टक्के लोकांची गुठळी रक्तावरून नाकारता येत होती. नव्या हिशोबाने हे प्रमाण २९.७ टक्के झालं. जुन्या आणि नव्या मर्यादेच्या मधल्या पट्ट्यातले ३३१ जण होते, त्यातल्या एकालाच तीन महिन्यांत गुठळी झाली.

त्यानंतर नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी मर्यादा वयावर नाही, तर लक्षणांवर ठरवून पाहिली. पायात गुठळीची लक्षणं, खोकल्यातून रक्त, आणि गुठळीच असावी असा डॉक्टरांचा अंदाज, या तीनपैकी एकही नसेल तर मर्यादा थेट १,०००. एखादं जरी असेल तर ५००. 'यिअर्स' नावाच्या या पद्धतीत थोडे बदल करून ती गरोदर स्त्रियांमध्येही तपासली गेली. गरोदरपणात रेडिएशन टाळता आलं तर हवंच असतं, त्यामुळे २०१९ च्या त्या अभ्यासाची बरीच चर्चा झाली.

कोरोनाने ओळख करून दिली, पण अर्धवट

महाराष्ट्रात डी-डायमर हा शब्द २०२० आणि २०२१ मध्ये नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीआरपी आणि फेरिटिनच्या जोडीने फिरत होता. 'काकांचं डी-डायमर किती आलं?' हा तेव्हा रोजचा प्रश्न. कोरोनात शरीरभर दाह होतो, गुठळ्यांची शक्यता वाढते, म्हणून आजार किती गंभीर वळण घेतोय याचा अंदाज बांधायला डॉक्टर हा आकडा बघत होते. तो वेगळा वापर होता. कॅज्युअल्टीत 'गुठळी नाही ना?' हे विचारणं वेगळं. पण लोकांच्या डोक्यात 'आकडा वाढला म्हणजे गुठळी' हे समीकरण पक्कं बसलं, आणि बरे झाल्यावरही कित्येकजण काही त्रास नसताना स्वतःहून लॅबमध्ये जाऊन ही टेस्ट करत राहिले.

व्हॉट्सॲपवर रिपोर्टांची तुलना करताना आणखी एक गोंधळ होतो, तो एककाचा. काही लॅब 'एफईयू' या एककात रिपोर्ट देतात, काही 'डीडीयू'मध्ये. दोन्हींत साधारण दुपटीचा फरक आहे. एफईयूमधले ५०० म्हणजे डीडीयूमधले जवळपास २५०. त्यात कुणी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर छापतं, कुणी मायक्रोग्रॅम, म्हणजे ५०० च्या जागी ०.५ दिसतं. एका लॅबमध्ये ०.४ आणि दुसऱ्या लॅबमध्ये ३०० आलं, तर आजार शेकडो पटींनी वाढला असं नसतं. वयाला १० ने गुणायची युक्तीही एफईयूमधल्या नॅनोग्रॅमसाठीच आहे. रिपोर्टवर आकड्याशेजारी एकक आणि त्या लॅबची मर्यादा छापलेली असते, ती आधी बघायची.

टेस्ट कुठे फसते?

लक्षणं सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे उलटले असतील, तर कापाकापीचा जोर ओसरलेला असतो आणि गुठळी असूनही आकडा कमी येऊ शकतो. रक्त पातळ करण्याचं औषध आधीच सुरू असेल तरीही तसंच. पोटरीतली अगदी लहान गुठळीही कधीकधी निसटते. त्यामुळे पाय कधीपासून सुजलाय आणि कोणती औषधं चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगणं टेस्टइतकंच महत्त्वाचं.

ज्यांना धोका आधीच माहीत आहे, त्यांचं काय? टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०११ मध्ये फुप्फुसात गुठळी होऊन गेली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये सिझेरियनने मुलगी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला धाप लागली. 'वोग' मासिकाशी बोलताना तिने सांगितलं की, आपल्याला डाय सोडून केलेला सीटी आणि हेपारिनचं इंजेक्शन हवंय, हे तिने स्वतः नर्सला सांगितलं होतं. वेदनाशामक औषधाने ती गोंधळली असावी, असं नर्सला वाटलं. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही सापडलं नाही. मग सीटी केला, तेव्हा फुप्फुसात गुठळ्या दिसल्या. नुकतंच ऑपरेशन, नुकतंच बाळंतपण आणि जुनी गुठळी असं सगळं एकत्र असलेल्या पेशंटमध्ये डी-डायमर वाढलेलं येणार हे ठरलेलंच, त्यामुळे अशा वेळी तपासायचं ते स्कॅननेच.

आणि एक गफलत जीवघेणी ठरू शकते. डी-डायमर निगेटिव्ह आलं म्हणजे हार्ट अटॅक नाही, असं अजिबात नाही. हृदयाच्या धमनीतला अडथळा ओळखायला ईसीजी आणि ट्रोपोनिन या तपासण्या लागतात. छातीत दुखत असताना डॉक्टर या तपासण्या करतात, त्या डी-डायमरच्या ऐवजी नसतात, सोबत असतात.

निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी आलेल्या माणसाला पुन्हा अचानक धाप लागली, एकच पाय सुजून दुखू लागला, खोकल्यातून रक्त आलं किंवा भोवळ येऊन पडायला झालं, तर जुना रिपोर्ट दाखवून थांबायचं नाही. शरीरातलं डी-डायमर साधारण आठ तासांत निम्मं होतं आणि नवी गुठळी झाली की पुन्हा वाढतं. रिपोर्ट सांगतो तो रक्त काढलं त्या वेळेपुरता. दुसऱ्यांदा त्रास झाला की कॅज्युअल्टीत स्कोअर पुन्हा पहिल्यापासून मोजतात.